कलाकाराचा स्टेजवर तोल सुटला तर काय करावं? : अनुभव धागा

१७ नोव्हेंबर २००६. लॉस एंजेलिसच्या 'लाफ फॅक्टरी' या विनोदी कार्यक्रमांच्या क्लबात मायकेल रिचर्ड्स ('साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेतला क्रेमर) शेरेबाजी करणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांवर वंशद्वेषी शिव्यांसह तुटून पडला. मोबाइलवरचं चित्रण तीनच दिवसांत जगभर पोचलं. अशा वेळी काय करावं आणि कुठे फसतं, हे जाणकारांनी लिहावं. नुसती आपबीती नको, कामाचं लिहा.

ध्वनिवाला : आधी मिक्सरवर फक्त कलाकाराच्या माईकचा चॅनल म्यूट करा. घाईत मास्टर फेडर (सगळ्या माईकांचा एकत्र आवाज कमी-जास्त करणारी पट्टी) खाली ओढला की निवेदकाचा माईकही मरतो आणि मग सभागृह कुणाच्याच हातात राहत नाही. लगोलग प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण लावा. अंधार गेला की आरडाओरडा निम्मा होतो. छोट्या खोलीत उघडा आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत जातो, त्यामुळे नुसत्या म्यूटवर विसंबू नका. दिवे लागताच निवेदक स्टेजवर हवाच.

निवेदक : वेळ संपल्याचा लाल दिवा भडकलेल्या माणसाला दिसतच नाही. सरळ चालत जा, त्याच्या आणि ज्या प्रेक्षकांवर तो भडकलाय त्यांच्या टेबलाच्या मध्ये उभे राहा, एका वाक्यात मध्यांतर जाहीर करा. विनोद मारून सावरायला जाऊ नका, लोकांना तो त्याच्या बाजूचा वाटतो.

व्यवस्थापक : ज्यांना शिव्या बसल्या त्यांनाच बाहेर काढणं ही सर्वात महागात पडणारी चूक. त्यांच्याकडे वरिष्ठ माणूस पाठवा, पैसे परत द्या, नाव-नंबर त्यांनी आपणहून दिला तरच घ्या. स्वतःचं चित्रण मूळ फाइलीतच जपा, काटछाट नको. प्रेक्षकाच्या क्लिपमध्ये बहुधा भांडण पेटल्यानंतरचंच असतं. आणि दुसऱ्या दिवशीचा खेळ रद्द! रिचर्ड्स पुढच्याच रात्री त्याच स्टेजवर उभा होता, त्याबद्दल क्लबलाही बोल लागले.

प्रसिद्धीवाली : माफीची जागा चुकली की माफी वाया जाते. रिचर्ड्स २० नोव्हेंबरला डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात माफी मागायला उपग्रहावरून दिसला, तोही मालिकेतला सहकलाकार जेरी साइनफेल्ड पाहुणा असताना. प्रेक्षक हसायला आलेले, ते हसले. साइनफेल्डला त्यांना थांबवावं लागलं. शिवाय 'मी वंशद्वेषी नाही' हे स्वतःबद्दलचं स्पष्टीकरण मध्ये आलं. मसुद्यात आधी काय बोललो ते, मग कुणाला बोललो ते. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' यातला 'तर' खोडाच.

विनोदी लेखक : शब्दबंदीने प्रश्न सुटतो असं वाटणाऱ्यांसाठी : त्याच क्लबने नंतर रिचर्ड्सने वापरलेला, कृष्णवर्णीयांना हिणवणारा 'एन'ने सुरू होणारा शब्द स्टेजवर बंद केला. डिसेंबरात दंड झाला तो डेमन वेयन्सला, म्हणजे कृष्णवर्णीय कलाकाराला. दर उच्चाराला २० डॉलर, एकूण ३२०, वर तीन महिने स्टेजबंदी.