फॅमिली अ‍ॅडव्होकेटला मराठीत काय म्हणायचं? (वकील सोडून)

सातरस्ता: माझी मावसबहीण अमेरिकेत फॅमिली अ‍ॅडव्होकेट आहे, सोलापुरात आमच्या कॉलेजात करिअरवर बोलणारे. पत्रिकेत "कौटुंबिक वकील" छापून आलं, पण ती वकील नाही. तिकडं अपंग मुलासाठी शाळेला वर्षाचा लेखी प्लॅन करावा लागतो, १९७५ पासून कायदाच आहे तसा, त्या मीटिंगला ही आईबापाबरोबर बसते, कागद समजावते, काय मागता येतं ते सांगते. शिवाय संस्थांना सल्ला देते. शब्द सुचवा.

जुनी_पेठ: समुपदेशक. झालं.

पूर्वभाग: कुठं झालं ओ? कुटुंब न्यायालयातला समुपदेशक नवऱ्याचंही ऐकतो, बायकोचंही. ही एकाच बाजूची आहे आणि त्यातच तिच्या कामाचा जीव आहे. आमच्या तेलुगू घरांत भांडणाला पेद्दमनिषी बसवतात, तोसुद्धा मिटवणारा. मी विडी कामगार बायकांबरोबर दवाखाना, रेशन, पोरांची शाळा सगळीकडं जाते, त्या मला नुसतं ताई म्हणतात, रिपोर्टात मी केस वर्कर.

बोरूबहाद्दर: पैरवीकार घ्या की. पैरवी करणे, म्हणजे दुसऱ्याची बाजू लावून धरणं, जुनं आहे.

जुनी_पेठ: ते फारसी. पै म्हणजे पाऊल, मागं मागं जाणं. परकाच शब्द घ्यायचा तर अरबी वकील काय वाईट होता? आपला शब्द कैवारी.

बोरूबहाद्दर: वकील मुळात कोर्टापुरता नव्हताच. पेशव्यांचे वकील दरबारोदरबारी असायचे, १७८४ ला महादजींनी बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद मिळवलं. दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा तो वकील, म्हणजे पत्रिका बरोबरच आहे.

पूर्वभाग: असेल, पण आज ती पत्रिका वाचून बाया पोटगीचे कागद घेऊन येतील, रोजंदारी बुडवून, त्यांना परत पाठवायचं कुणी? आणि कैवारी तर मला अजिबात पटत नाही, त्यात उपकार आहे. कैवार घेतला की आई गप्प बसते, मीटिंगमध्ये तिनं स्वतः बोलावं म्हणून तर आपण शेजारी बसतो ना.

सातरस्ता: "पालक सहाय्यक" चालेल? प्रेसवाला थांबलाय.

बोरूबहाद्दर: सहायक. सहाय्यक चूक, साहाय्यक चालेल.

जुनी_पेठ: निम्म्या पाट्यांवर सहाय्यकच असतं, लोक लिहितात ते चूक कसं?

बोरूबहाद्दर: पाटी म्हणजे कोश नव्हे. सहाय आणि साहाय्य हे दोन वेगळे शब्द आहेत, नवीन धागा काढतो.