लेप्टो-सेप्सिस: केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) चालू, तरी पोटॅशियम २.८ लाच अडकलंय

स्टाफ_फोंडा:
भातलावणी सुरू झाली की सत्तरी-डिचोलीकडून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) रुग्ण येतात. काहींचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारं) ३-४ असतं, तरी लघवी भरपूर आणि पोटॅशियम कमी. किडनी बिघडल्यावर ते चढायला नको का? आणि फॉस्फरस ६ च्या वर गेला की सीनियर लोक गंभीर का होतात?

नेफ्रो_मडगाव:
लेप्टोत प्रॉक्सिमल ट्यूब्यूल (किडनीतल्या नळीचा सुरुवातीचा भाग) सोडियम नीट शोषत नाही. ते पुढे पोचतं आणि तिथे त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जातं. मॅग्नेशियमही वाहून जातं, आणि खरी मेख तिथेच आहे. पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या चॅनेलवर मॅग्नेशियमचा अटकाव असतो. तो सुटला की वरून कितीही ओता, खालून गळतंच. म्हणून आधी मॅग्नेशियम पाठवा. १.७ च्या खाली असेल तर मॅगसल्फ ५०% ची २ मिलीची दोन अँप्यूल, म्हणजे २ ग्रॅम, १०० मिली सलाइनमधून दोन तासांत. घाईने दिलं तर बरंचसं लघवीतच जातं. क्रिएटिनिन एवढं असेल तर निम्मा डोस, मग पुन्हा तपासणी; गुडघ्याचा रिफ्लेक्स गेला (मॅग्नेशियम जास्त झाल्याची खूण) तर बंद.

केसीएल सलाइनमध्येच घाला. डेक्स्ट्रोजमध्ये घातलं तर इन्सुलिन वाढून पोटॅशियम पेशींत शिरतं. हाताच्या नसेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर नको. आणि लघवी कमी होऊ लागली की केसीएल ताबडतोब थांबवायचं, राउंडची वाट बघायची नाही.

लॅब_म्हापसा:
सॅम्पलकडेही बघा. रक्त हिमोलाइझ झालं (तांबड्या पेशी फुटल्या) तर पोटॅशियम, फॉस्फरस दोन्ही खोटे चढतात. जांभळ्या झाकणाची ट्यूब आधी भरली आणि त्यातलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं रसायन) पुढच्या ट्यूबमध्ये गेलं, तर पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम फारच कमी दिसतं. ही जोडी दिसली की उपचाराआधी नवीन सॅम्पल. ड्रिप असलेल्या हातातून तर घेऊच नका.

आयसीयू_पणजी:
फॉस्फरसचं म्हणाल तर चढलेला आकडा बहुतेक किडनीचं आणि पेशी फुटल्याचं माप असतो. असे रुग्ण जास्त दगावतात हे खरं, पण आकडा खाली आणला म्हणून रुग्ण वाचतो असं नाही. मला कमी फॉस्फरसची जास्त धास्ती. उपाशी रुग्णाला फीड सुरू केलं की तो घसरतो. १ च्या खाली गेला तर डायफ्रॅम (श्वासाचा मुख्य स्नायू) थकतो आणि व्हेंटिलेटर सुटत नाही.

स्टाफ_फोंडा:
कॅल्शियम कमी आलं तर लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन?

आयसीयू_पणजी:
सेप्सिसमध्ये अल्ब्युमिन (कॅल्शियम ज्याला चिकटून असतं ते रक्तातलं प्रथिन) पडलेलं असतं, त्यामुळे टोटल कॅल्शियम फसवतं. एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) मशीनवर आयनाइज्ड, म्हणजे मोकळं कॅल्शियम बघा. थोडंसं कमी असेल आणि झटके, टेटनी (स्नायू आखडणं), ईसीजीत बदल काही नसेल तर नुसता आकडा भरत बसू नका. द्यायचंच झालं तर लेप्टोत सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक चालू असतं हे लक्षात ठेवा: त्याच लाइनमधून एकाच वेळी कॅल्शियम किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट, यातही कॅल्शियम असतं) गेलं तर साका धरतो. मध्ये सलाइनने लाइन नीट फ्लश करा.