एव्हबरीचे गाडलेले दगड: पुन्हा उभे करावेत की मातीतच राहू द्यावेत?

स्विंडनकर (चर्चाप्रस्ताव)

मी राहतो त्या स्विंडनच्या दक्षिणेला सुमारे 18 किलोमीटरवर, इंग्लंडच्या विल्टशायर काउंटीत, एव्हबरी नावाचे गाव आहे. इसवी सनापूर्वी 2600च्या आसपास हरणांच्या शिंगांनी उकरलेला आणि मुळात सुमारे नऊ मीटर खोल असलेला खंदक, त्याच्या बाहेर मातीचा उंच बांध, आत सुमारे 100 दगडांचे शिळावर्तुळ आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान वर्तुळे, असा तिथला पसारा आहे. स्टोनहेंज या प्रसिद्ध शिळावर्तुळासारखा तो मोकळ्या माळावर मात्र नाही. वर्तुळातून मोटाररस्ता जातो, आत पब आहे, प्रार्थनाघर आहे, घरे आहेत आणि दगडांना पाठ घासत मेंढ्या चरतात.

या गावाच्या खुणा प्रत्येक काळात बदलत गेल्या. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी कित्येक दगड खड्डे खणून आडवे पुरले. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांचे वंशज अधिक व्यवहारी झाले: दगडाभोवती गवताचा जाळ करायचा, तो तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओतायची आणि मग घणाचा घाव घालायचा. फुटलेल्या तुकड्यांतून घरे, कुंपणाच्या भिंती आणि प्रार्थनाघर उभे राहिले. 1719 ते 1724 या काळात विल्यम स्ट्यूकली हा पुरावशेषांचा अभ्यासक तिथे वारंवार जाऊन हे पाहत होता, चित्रे काढत होता आणि फोडणाऱ्यांवर चडफडत होता. पुढे 1930च्या दशकात अलेक्झांडर कीलर या मुरंब्याच्या धंद्यातील श्रीमंत वारसाने जमिनी विकत घेतल्या, पुरलेले दगड उकरून उभे केले, नाहीशा झालेल्या दगडांच्या जागी काँक्रीटचे ठोकळे रोवले आणि वर्तुळाच्या आड येणारी घरे व गोठे पाडले. महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्याचे काम पश्चिमेकडच्या अर्ध्या भागातच थांबले. उरलेल्या भागात किमान 15 दगड जमिनीखाली असल्याचे 2003 मध्ये भूभौतिक सर्वेक्षणातून कळले.

माझे मत असे की ते दगड तिथेच राहू द्यावेत. कीलरने एका शतकाचे वैभव परत आणण्यासाठी दुसऱ्या अनेक शतकांचे गाव पुसले, आणि ती चूक अर्धीच झाली हे त्या गावाचे भाग्य आहे.

उत्खनक

‘चूक’ हा शब्द फार सहज वापरला गेला आहे. कीलर आला तेव्हा पश्चिमेकडच्या भागात झुडपे, पडक्या इमारती आणि केरकचरा यांच्यामधून वर्तुळाचा आकार ओळखणेही कठीण होते. आज आपण सहकुटुंब बांधावर उभे राहून ज्या कमानदार रांगेचे छायाचित्र घेतो, ती रांग त्याने उभी केली आहे. त्याने अंदाजपंचे दगड रोवले असेही नाही. पुरलेला दगड जिथे सापडला तिथेच त्याचा मूळ खड्डाही सापडत होता, आणि फोडलेल्या दगडाच्या जागी जळलेल्या गवताची राख व कपच्या मिळत होत्या. स्ट्यूकलीची चित्रे पडताळणीला होतीच.

गाव पुसले म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की जगभरातून लोक एव्हबरीला कशासाठी येतात. 1986 मध्ये युनेस्कोने स्टोनहेंजबरोबर एव्हबरीला जागतिक वारसा ठरवले ते शिळांसाठी, तिथल्या गोठ्यांसाठी नव्हे. सतराव्या शतकातला पुरावशेषांचा अभ्यासक जॉन ऑब्री यालाही हे कळले होते. 1649 मध्ये शिकारीच्या निमित्ताने तो तिथे पोहोचला आणि पुढे त्याने लिहून ठेवले की एव्हबरीपुढे स्टोनहेंज म्हणजे कॅथेड्रलपुढे गावातले साधे चर्च. त्या कॅथेड्रलचे किमान 15 खांब जमिनीखाली धडधाकट पडून असताना ते न उचलणे याला मी संयम म्हणणार नाही, आळस म्हणेन.

म्हादई

मी मूळची गोव्याची. आमच्या माणसांची स्विंडनमध्ये मोठी वस्ती आहे, त्यामुळे डिव्हायझेसच्या बसने एव्हबरीला जाणे हा आमच्या घरी पाहुण्यांसाठीचा ठरलेला कार्यक्रम आहे. दोघांच्याही लिहिण्यात मला एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे पाडलेल्या घरांतली माणसे गेली कुठे. वर्तुळाच्या पश्चिमेला एव्हबरी ट्रस्लो नावाची वाडी आहे. तिथे नवी घरे बांधून अनेकांना हलवण्यात आले. नव्या घरांत सोयी निश्चितच अधिक असतील आणि जुनी घरे ओलीचिंब असतील, हे मान्य. पण दाराबाहेर पाऊल टाकताच शेजार होता तो गेला, आणि 1943 मध्ये कीलरने 12,000 पौंडांना आपली मालमत्ता नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेला विकल्यानंतरही घरे पाडण्याचे काम काही काळ चालूच राहिले. म्हणजे हा एका हौशी श्रीमंताचा लहरीपणा नव्हता. वर्तुळ हे खरे आणि गाव हे अतिक्रमण, अशी ती रीतसर समजूत होती.

उत्खनक

म्हादई, तुमचा मुद्दा मी नाकारत नाही. परंतु 2003 मध्ये सापडलेले दगड उभे करायला आज एकही घर पाडावे लागणार नाही. मग त्या जुन्या दुःखाचा भार या 15 दगडांवर का टाकावा?

रेवा

विदर्भातल्या वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून एक खुलासा: नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे ही लोहयुगातील दफनांची आहेत, एव्हबरीचे वर्तुळ त्याहून बरेच जुने आहे आणि ते दफनासाठी रचलेले नाही.

आता मूळ वाद. कीलरला 1938 मध्ये एका पुरलेल्या दगडाखाली माणसाचा सापळा सापडला. जवळ कात्री, शस्त्रक्रियेचे एक टोकदार हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली चांदीची नाणी. यावरून तो फिरता न्हावी-वैद्य असावा आणि दगड आडवा पाडताना त्याखाली सापडून मेला असावा, ही कथा जगभर पसरली. लंडनवरच्या बाँबवर्षावात नष्ट झाला असे समजला गेलेला तो सापळा 1990च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा हाती लागला, आणि फेरतपासणीत चिरडून मेल्याच्या खुणा काही आढळल्या नाहीत. तो आधीच मेलेला असून त्याला तिथे पुरले असण्याची शक्यता आहे. मला सुचवायचे आहे ते इतकेच की दगडाखालचा खड्डा हाही एक दस्तऐवज असतो आणि तो एकदाच वाचता येतो. 1938 च्या डोळ्यांनी तो वाचला गेला, आणि कथा साठ वर्षे चुकीची राहिली. उरलेले खड्डे आज उघडले तर आपण आपल्या डोळ्यांनी वाचू, आणि आपलेही डोळे कुणाला तरी जुनेच वाटणार आहेत.

उत्खनक

हा युक्तिवाद ताणला तर कोणतेही उत्खनन कधीच करू नये असा निष्कर्ष निघेल. खड्डा उघडला म्हणूनच आपल्याला न्हावी-वैद्य भेटला, आणि सापळा उपलब्ध होता म्हणूनच चूक दुरुस्त झाली.

स्विंडनकर

रेवा यांनी माझे काम माझ्यापेक्षा चांगले केले. मी फक्त प्रार्थनाघराविषयी लिहितो, कारण माझे मत तिथेच बनले. 1665 च्या कायद्याने अधिकृत चर्चपासून फुटलेल्या धर्मोपदेशकांना नगरांच्या पाच मैलांच्या आत राहण्यास बंदी केली. एव्हबरी ही आसपासच्या नगरांपासून पुरेशी दूर असलेली जागा होती, म्हणून हे बंडखोर तिथे जमू लागले आणि वर्तुळाच्या आत त्यांनी आपले प्रार्थनाघर बांधले. त्याच्या भिंतीत फोडलेल्या शिळांचे तुकडे आहेत, आणि स्ट्यूकलीने त्यावर राग काढला आहे. त्या भिंतीवर हात ठेवला की हाताखाली दोन इतिहास असतात. मूळ वर्तुळाच्या बाजूने न्याय करायचा तर ती भिंत चोरीचा माल ठरते. मला ती तशी ठरवता येत नाही. शिळा उभ्या करणारेही शेतकरीच होते आणि त्या फोडणारेही.

उत्खनक यांची एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. 15 दगडांसाठी घर पाडावे लागणार नाही, हे खरे. तरीही पूर्वेकडचा भाग आज जसा दिसतो, म्हणजे मोकळे कुरण आणि तुरळक दगड, तसा तो गावाने केला आहे. पश्चिमेला कीलरचे एव्हबरी आणि पूर्वेला गावकऱ्यांचे, ही वाटणी अपघाताने झाली असली तरी पाहणाऱ्याला फार शिकवून जाते.

उत्खनक

मग एवढेच सांगा: उद्या पावसाने माती वाहून त्यांपैकी एक दगड आपणहून उघडा पडला, तर आपण काय कराल?

स्विंडनकर

मोजमाप घेईन, छायाचित्रे काढीन, मातीचे नमुने ठेवीन आणि त्याला पुन्हा झाकून टाकीन. चौदाव्या शतकातल्या माणसांनी केले तेच. फक्त त्यांनी नोंद ठेवली नाही, मी ठेवीन.