यात्रा आली म्हणून कौलारू देऊळ पाडायचं?

घाटमाथ्याकडचा

काल इथे एकाने बेळगाव जिल्ह्यातल्या आपल्या खानापूर तालुक्याबद्दल लिहिलं होतं: "डोंगरातल्या आपल्या गावांत लक्ष्मीची देवळं म्हणजे गळकी कौलं आणि मातीच्या भिंती. यात्रेला एवढे पाहुणे येतात, देऊळ पुरत नाही. यात्रेच्या आधी जुनं पाडून स्लॅबचं मंदिर बांधा, परत दोन पिढ्या बघायला नको." खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात. म्हणून सविस्तर लिहितोय.

"देऊळ पुरत नाही" म्हणणाऱ्याने यात्रेचा क्रमच विचारात घेतलेला नाही. देवीच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की ती देवळातून बाहेर येते, भंडारा उधळत गावभर फिरते आणि गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या बैठकीवर, बसते. ओट्या गदगेवर भरल्या जातात. शेवटच्या दिवशी ती तिथूनच गावच्या सीमेकडे जाते. म्हणजे खरी गर्दी असते त्या दिवसांत देवी देवळात नसतेच. जागा कमी पडत असेल तर गदगेचं मैदान सपाट करा, बाया रांगेत उन्हात उभ्या राहतात तिथे मांडव घाला, पाण्याची सोय करा.

आणि पाऊस. कणकुंबी, आमगाव, चोर्ला या घाटाकडच्या पट्ट्यात खानापूर गावाच्या दुपटीने पडतो. तिथे उतरतं छप्पर पाणी थांबूच देत नाही. जांबोटीच्या वर गेलात की स्लॅबच्या घरांवर लोखंडी अँगल उभे करून पत्रे घातलेले दिसतात. स्लॅब एवढी भरवशाची असती तर तिच्यावर पुन्हा छप्पर कशाला घालावं लागलं असतं?

यात्रा कमिटीतला

लिहायला सोपं आहे हो. कौलं परतायला वर चढणार कोण? गावातली पोरं गोव्यात नाहीतर पुण्यात. शिमग्याला येतात, चार दिवसांनी जातात. नळीची कौलं दर उन्हाळ्यात उतरवून, शेवाळ झाडून, फुटकी बदलून परत लावायला लागतात. एक वर्ष चुकलं की पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत. मातीची भिंत वरून भिजली की खालून कोसळते. त्यात माकडं. टोळी एकदा छपरावरून गेली की सकाळी कौलं अंगणात. वर चढून बघा, मग बोला.

सुतारकाम

अण्णा, तुम्ही सगळी कौलं एकाच मापाने मोजूलालाय. नळीचं कौल नुसतं एकावर एक ठेवलेलं असतं, ते सरकतंच. मंगळुरी कौलाला खाली कान असतो, तो रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकतो. ते दरवर्षी उतरवायला लागत नाही. वरचा कचरा झाडायचा, फुटकी तेवढी बदलायची.

हिशेब सांगतो. 100 चौरस फुटाला साधारण 150 कौलं. 20 फूट बाय 30 फुटांच्या देवळाला पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, पुढे काढल्या आणि उताराची लांबी धरली तर छप्पर 900 चौरस फुटांच्या आसपास जातं, म्हणजे 1350 कौलं. वर शंभरभर जादा घेऊन देवळातच रचून ठेवायची, कारण नंतर त्याच साच्याचं कौल मिळत नाही आणि दुसऱ्या साच्याचं खाचेत बसत नाही. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. उतार 30 अंशांच्या खाली नको, घाटात 35 बरा. रिपा दोन बाय एक इंचाच्या, आणि रिपांमधलं अंतर हातातल्या कौलावरून घ्यायचं, अंदाजाने नाही. आढ्यावरचे कोने, म्हणजे टोपीची कौलं, चुन्यात बसवायचे. नुसत्या सिमेंटात बसवले की उन्हाने तडा जातो आणि पाणी थेट आढ्यात.

माकडांसाठी कडेच्या दोन ओळींतली आणि आढ्याखालची कौलं तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. माकडं उडी घेतात ती कडेवरच.

गवंडी, खानापूर

स्लॅबला उगीच बदनाम करू नका. स्लॅब गळते ती करणाऱ्यामुळे. घाटातल्या गावात मिक्सर चढत नाही म्हणून हाताने कालवतात आणि पसरायला सोपं जावं म्हणून पाणी ओततात. एका पोत्याला 25 ते 27 लिटर पाणी, त्याच्यावर नाही. सिमेंट, वाळू, खडी एक-दीड-तीन. सळी फळीपासून वर राहावी म्हणून खाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक पाहिजेतच. बहुतेक ठिकाणी सळी फळीवरच टेकलेली असते, मग चार पावसाळ्यांत गंजते, फुगते आणि खालचं प्लास्टर पोपडे होऊन पडतं. वर कोबा, शंभराला एक उतार, पन्हाळ एका बाजूला निदान दोन, आणि पाला अडकू नये म्हणून जाळी. टेकू 14 दिवस काढायचे नाहीत. पाणी दहा-बारा दिवस मारायचं.

एवढं केलं तर स्लॅब आमगावातही टिकते. पत्रे घालतात ते बरेचदा काजू आणि सरपण वाळवायला, गळतं म्हणूनच असं नाही.

घाटमाथ्याकडचा

मग वजनाचंही सांगा. पाच इंची स्लॅब चौरस फुटाला 29-30 किलो. कौलं, रिपा, वासे सगळं मिळून सहा-सात किलो. मातीच्या भिंतीवर हे कसं बसवणार?

गवंडी, खानापूर

बसत नाही. कॉलम घ्यावे लागतात, पाया खणावा लागतो. म्हणजे जुनं पाडावंच लागतं, हे मान्य. पण म्हणून स्लॅब वाईट ठरत नाही.

पाटी मराठीतच

नवं बांधा, जुनं ठेवा, जीर्णोद्धाराची पाटी कुठल्या भाषेत लागणार तेवढं आधी ठरवा. 1956 ला आपला भाग आजच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आपण हेच सोसतोय. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाभागाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. गावदेवीच्या दारावर तरी आपली अक्षरं पाहिजेत.

यात्रा कमिटीतला

दादा, पाटीचं दुःख सगळ्यांना आहे. पण छप्परच नसेल तर पाटी टांगणार कशाला? आणि सुतारांनी लाकडाचं सोयीने गाळलं. वासे आणायचे कुठून? भीमगड अभयारण्य 2011 ला झालं, तेव्हापासून त्या बाजूच्या गावांना पडलेलं लाकूड उचलायचीही धास्ती.

भीमगडच्या कुशीत

आता विषय निघालाच आहे तर ऐका. पावसाळ्यात साकव वाहून गेला तर तो बांधायला लाकूड नाही. आजारी माणूस खांद्यावरून आणायचा. अस्वल शेतात येतं, त्याची भरपाई मागायला खानापूरला खेपा. जंगल आमच्या पूर्वजांनी राखलं, देवराईतलं पान तोडलं नाही, आणि आज आम्हीच चोर. शहरात बसलेल्यांनी "लाकडी देऊळ जपा" म्हणून आम्हाला शिकवू नये. आधी त्या देवळापर्यंत रस्ता द्या!

बेळगाव, टिळकवाडी

रस्ता केला की काठावरची झाडं जाणार, मागून रिसॉर्ट येणार. चोर्ल्याच्या बाजूला काय चाललंय ते बघा. म्हादई-मलप्रभा नद्यांचं पाणी ज्या जंगलातून येतं तेच कापायचं का?

भीमगडच्या कुशीत

तुमच्या नळाला मार्कंडेय नदीचं नाहीतर हिडकल धरणाचं पाणी येतं. आमच्या बायका उन्हाळ्यात ओढ्यात झरा खणून घागरी भरतात. जंगलाची काळजी आम्हाला शिकवू नका. पुन्हा सांगतो, नका शिकवू.

सुतारकाम

भांडण बाजूला ठेवा. मालकीच्या जमिनीतला फणस किंवा साग असेल तर उतारा जोडून वनखात्याकडे तोडीची परवानगी मागायची, आणि वाहतुकीचा पास वेगळा घ्यायचा. नुसत्या तोडीच्या कागदावर गाडी हलवली की नाक्यावर अडकते. त्रास आहेच, तो मी नाकारत नाही. पण सगळं लाकूड बदलायची गरज नसते. खांब कुजतो तो बुडात, बैठकीच्या दगडाला टेकतो तिथे. वर टेकू देऊन बुडातला फूट-दीड फूट भाग कापायचा, तिरकी सांध करून जुन्याच जातीचं वाळलेलं लाकूड जोडायचं, दोन लाकडी खुंट्या मारायच्या. नक्षीचा वरचा भाग तसाच राहतो. वासा पोकळ झाला का ते हातोडीने वाजवून कळतं. पाचातला एक बदलावा लागतो, पाचही नाही.

बुडं कुजायचं मोठं कारण आहे फरशी. हौसेने आत चकचकीत टाइल्स बसवतात. जमिनीतली ओल पूर्वी सारवणातून निघून जायची, आता ती भिंतीत आणि खांबात चढते. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट म्हणजे ओल आत कोंडलीच. जांभ्याला आणि मातीला चुन्याचाच गिलावा पाहिजे.

यात्रा कमिटीतला

टाइल्सचं बरोबर आहे. आमच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल आहे ती टाइल्स बसवल्यापासूनच. पण चुन्याचा गिलावा मारणारा गवंडी मला आणून दाखवा, मग बोलू.

बेळगाव, टिळकवाडी

वीरगळांचं कोणीच काढलं नाही. या भागात देवळाच्या आवारात वीरगळ आणि सतीशिळा, म्हणजे वीरांच्या आणि सतींच्या आठवणीचे कोरीव दगड, टेकवून ठेवलेले असतात. जीर्णोद्धार निघाला की कंत्राटदार त्या पायाच्या भरावात टाकतो किंवा पायरीला उलट्या बसवतो. हलशीचं भूवराह-नरसिंह आणि देगावचं कमलनारायण, दोन्ही कदंबांच्या काळातली, आज बघायला मिळतात कारण तिथलं कोरीव काम कोणी भरावात घातलं नाही. पाडायचं असो वा दुरुस्ती, पहिल्या दिवशी प्रत्येक दगडाचा चारी बाजूंनी फोटो काढा, मागे खडूने नंबर घाला, एका बाजूला फळ्यांवर उभे करा. सँडब्लास्टिंग नको, ऑइल पेंट नको. पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

गवंडी, खानापूर

हे मात्र करायला पाहिजे. भरावात गेलेले दगड परत निघत नाहीत.

घाटमाथ्याकडचा

मग असं करा. गाभारा आणि जुनं छप्पर तसंच ठेवून दुरुस्ती. महाप्रसादाला, भांडी ठेवायला जो हॉल पाहिजे तो देवळाच्या मागे, भिंतीपासून निदान दहा फूट सोडून, स्लॅबचा बांधा. देवळाच्या भिंतीला चिकटवलात तर सांध्यातून गळणार, आणि दोष पुन्हा कौलांनाच देणार.

यात्रा कमिटीतला

हॉल वेगळा, हे मी गावात मांडीन. पण पोरांना कळस पाहिजे, शेजारच्या गावाने केलाय म्हणून. ते तुम्ही येऊन समजवा. आणि दिवसांचा हिशेब कोणीच धरलेला नाही. यात्रेआधी गावात वार पाळायला सुरुवात झाली की मंगळवार-शुक्रवार काम बंद. स्लॅब टाकली तर त्या दिवशी तिच्यावर पाणी कोण मारणार? कौलं उतरवली आणि मे महिन्यात वळीव आला तर उघड्या भिंतींचं काय?

सुतारकाम

म्हणूनच सगळं छप्पर एकदम उघडायचं नाही. एक पाखी उतरवून वासे-रिपा करून कौलं बसवायची, मगच दुसरी. ताडपत्री पहिल्या दिवसापासून वर तयार पाहिजे. शिमगा झाल्या झाल्या सुरू केलं तर मेच्या आत उरकतं. कौलांची ऑर्डर मात्र संक्रांतीलाच द्या, आणि ट्रक गावापर्यंत चढत नसेल तर उतरवून ट्रॅक्टरने आणायचा खर्च वेगळा धरा. त्या एका चढावात शेकड्याला पाच-सात कौलं फुटतातच.

यात्रा कमिटीतला

ट्रॅक्टरचा खर्च वर्गणीत धरलेला नाही. रविवारी बैठक आहे, तिथे हा आकडा घेऊनच जायला लागणार.