शब्दचर्चा : बटीक, मोलकरीण, धुणंवाली

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांवर लेख लिहितेय. मळेवाल्याच्या घरी रांधणाऱ्या गुलाम बाईला ‘मोलकरीण’ म्हटलं तर चालेल? ‘दासी’ लिहिलं की उगाच राजवाडा डोळ्यांपुढे येतो.

— १८६५ आधीच्या बाईला अजिबात नको. मोलकरीण म्हणजे मोलानं काम करणारी. इथे मोल कामाचं नव्हतं, बाईचंच होतं. पेशवाईत विकत घेतलेल्या बाईला बटीक किंवा कुणबीण म्हणत. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायकोही, घोटाळा नको, ‘बटीक’ घ्या.

डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती लागू झाली. त्यानंतर मात्र मोलकरीणच. आणि मोलकरीण काम सोडून जाऊ शकते, हे मालकिणींना फार जड गेलं. जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या मळेवाल्याची बायको, गर्ट्रूड टॉमसबाई, यांची रोजनिशी बघा. एकेक माणूस निघून जातंय आणि घरकाम बाईंच्या अंगावर येतंय. पुढे नवरा कर्जात बुडाला, तेव्हा त्यांनी शाळेत शिकवायला सुरुवात केली.

— भर घालतो. मालकिणींना हवी होती आपल्या भाषेत ‘चोवीस तासांची बाई’. मुक्त झालेल्या बायकांना रात्री स्वतःच्या घरी, स्वतःच्या पोरांत जायचं होतं. म्हणून अनेकींनी धुणं पत्करलं. कपडे घरी न्यायचे, अंगणात हंड्यात उकळायचे, खळ, इस्त्री करून आठवड्याअखेर पोचवायचे. इथे ‘परटीण’ लिहू नका, जात चिकटते. ‘धुणंवाली’ बरं. १८८१ च्या जुलैत अटलांटाच्या धुणंवाल्यांनी संप केला; मागणी, डझनाला १ डॉलर. शहरानं वर्षाला २५ डॉलरचा परवाना लावायची धमकी दिली. बायका म्हणाल्या, भरतो, पण दर आम्ही ठरवणार.

गोरी माणसं वयस्क स्वयंपाकिणीला ‘आंट’ म्हणत. तिथे ‘मावशी’ लिहिलंय.

— काढा ते! आपण कामाच्या मावशींना निदान ‘अहो’ म्हणतो. तिथे काळ्या बाईला ‘मिसेस’ म्हणायला लागू नये म्हणून ‘आंट’ होतं. स्वातंत्र्यानंतरही ते सुटलं नाही. ‘आंट’च ठेवा नि एक ओळ खुलासा द्या.

बरं, मावशी काढली. तो डॉलर डझनभर कपड्यांना ना?

— नाही, डझनभर पौंडांना. वजनावर.