मदत हवी आहे: बेस स्टील करताना (बॅटरनं बॉल मारलेला नसताना पळत पुढचा बेस गाठताना) रनरनं नक्की कधी सुटायचं?

सांगली-मिरजेकडचं कुणी सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळलेलं आहे का इथं? पुतणी शाळेच्या सॉफ्टबॉल संघात आहे. मोबाईलवर अमेरिकेतलं बेसबॉल बघते आणि प्रश्न मला विचारते. माझी अक्कल क्रिकेट आणि खो-खोपुरतीच.

टीव्हीवर पहिल्या बेसवरचा रनर पिचरनं (बॉल टाकणाऱ्यानं) बॉल टाकायच्या आधीच चार पावलं पुढं येऊन उभा असतो. हिनं परवा तेच केलं, तर पंचांनी आउट दिलं. असं का? आणि पिचर एकदोनदा पहिल्या बेसवर बॉल फेकून मग तो नाद का सोडतो? फाउल झाला (मारलेला बॉल रेषेबाहेर गेला) तर स्टील केलेला बेस मिळतो का?

प्रतिसाद १

दादा, पंच बरोबर आहेत. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर, म्हणून पिचरच्या हातातनं बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरच पाहिजे. बेसबॉलमध्ये अंतर ९० फूट. तिथं रनर कधीही पुढं सरकू शकतो, फक्त तो बेसवर नसताना बॉल हातात घेऊन कुणी त्याला शिवलं (टॅग केलं) की गेला. नॉनस्ट्रायकर आधीच क्रीज सोडतो ना, तसला जुगार.

रनरची नजर पिचरच्या पायावर असते. उजव्या हाताच्या पिचरची उजवी टाच आधी उचलली, की बॉल पहिल्या बेसकडे येणार, परत उडी मारायची. डावा पाय आधी उचलला, की सुटायचं. पिचरचे साधारण १.३ सेकंद आणि कॅचरच्या (बॅटरमागच्या विकेटकीपरसारख्या खेळाडूच्या) थ्रोचे २ सेकंद, एवढ्यात दुसरा बेस गाठायचा. डावखुऱ्या पिचरचं तोंडच पहिल्या बेसकडे असतं, त्याच्यासमोर भलेभले बिचकतात.

मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये) २०२३ पासून पिचरला एका बॅटरमागे दोनदाच बॉल टाकायचं थांबवता किंवा बेसकडे फेकता येतं. तिसऱ्यांदा फेकून रनर आउट झाला नाही, तर रनरला पुढचा बेस फुकट. त्याच वर्षी बेसही १५ इंचांचे १८ इंच केले. स्टील वाढणारच की!

फाउल झाला तर मुकाट्यानं परत जायचं.

मूळ धागाकर्ता

झकास! तिसरा बेस स्टील करता येतो का, असं ती विचारतेय.

प्रतिसाद १

येतो, पण कॅचरपासून दुसरा बेस १२७ फुटांवर आणि तिसरा ९० वरच (बेसबॉलचे आकडे). थ्रो लवकर पोचतो. तिला म्हणावं, आधी दुसऱ्यावर नीट घसरायला शीक, आणि जाताना कॅचरकडे वळून बघू नकोस.