एम्बेडेड सी शिकायचंय: हातातल्या उनोवरच, की सरळ एसटीएम३२ घेऊ?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स झालाय, सध्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. डिप्लोमाला ८०५१ हा जुना मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) होता, पण असेंब्लीत, आणि सी होतं ते वेगळ्या विषयात, स्क्रीनवर बेरीज छापण्यापुरतं. दोघांचा एकमेकांशी काय संबंध ते कुणी सांगितलंच नाही.

घरच्या बागेसाठी मी अर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर ड्रिपच्या व्हॉल्व्हचा टायमर बनवला. नेटवरून कोड उचलून जुळवलाय, खोटं कशाला बोलू. १० सेकंद, २० सेकंद, ३० सेकंद लावून बघितलं, सगळं बरोबर. मग डिले या थांबायच्या फंक्शनमध्ये (ते मिलिसेकंदांत मोजतं) ६० गुणिले १००० लिहून एक मिनिट केलं तर व्हॉल्व्ह उघडला तो बंदच होईना, वडील बांधावर उभे, मी पळत जाऊन वायर उपटली. बोर्ड बदलला, रिले बदलला, तेच. मला खरंच कळत नाहीये काय झालं, आणि हे असं न कळता काम करणं आता नको वाटतंय, नीट मुळापासून शिकायचंय.

तर प्रश्न असे की उनोवर किंवा ८०५१ वरच सी शिकू का, की एसटीएम३२ (एसटी कंपनीचा, आर्म गाभ्याचा मायक्रोकंट्रोलर) घेऊ? पुण्यात क्लास लावावा लागेल का? बजेट साधारण अडीच-तीन हजार, वेळ म्हणाल तर रात्री दीड-दोन तास. पुढे जमलं तर या क्षेत्रात नोकरी बघायचीये.

मेधा_फर्मवेअर

दादा, तुमचा बोर्डही चांगला होता आणि रिलेही. उनोवर जी एटमेगा३२८पी चिप आहे तिच्यावर सी मधला साधा इंट (पूर्णांक) १६ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतं. ३० गुणिले १००० म्हणजे ३००००, बसलं. ६० गुणिले १००० म्हणजे ६००००, नाही बसलं, ६५५३६ वजा होऊन त्याचं झालं उणे ५५३६. आता डिले फंक्शन घेतं ३२ बिटांची बिनचिन्हाची संख्या, तर ते उणे ५५३६ तिथे जाऊन झालं ४२९४९६१७६०. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस आणि वर १७ तास. तुमचा व्हॉल्व्ह तेवढा वेळ उघडा राहणार होता. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा, एकदा हाताने केलं की आयुष्यात विसरणार नाही.

उपाय दोन अक्षरांचा, ६० ला शेवटी यूएल जोडा, म्हणजे ६०UL, मग ती संख्या ३२ बिटांची बिनचिन्हाची धरली जाते. उत्तर लाँगमध्ये साठवून उपयोग नाही कारण गुणाकार त्याआधीच बिघडलेला असतो. आणि अर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग बहुतेक 'नन' वर असेल, ते 'ऑल' करा. कंपायलर हे तुम्हाला ओरडून सांगत होता, त्याचं तोंड बंद केलेलं होतं.

शिकायचं म्हणाल तर माझं ठाम मत आहे की आत्ता नवीन काहीच घेऊ नका. तोच उनो ठेवा, फक्त अर्डुइनोची लायब्ररी सोडा. १३ नंबर पिनचा एलईडी म्हणजे पोर्ट बी चा पाचवा बिट. डेटाशीटमध्ये डीडीआरबी आणि पोर्टबी ही दोन रजिस्टरं (चिपमधल्या नियंत्रणाच्या जागा) शोधा, एक दिशा ठरवतं, दुसरं पातळी, आणि तेवढ्यावर एलईडी लावून दाखवा. मग ऑब्जडंप (तयार प्रोग्राम असेंब्लीत दाखवणारं साधन) चालवून कंपायलरने काय केलंय बघा. तुमच्या सी मधल्या त्या ओळीची एकच एसबीआय (एक बिट लावणारी) सूचना झालेली दिसेल, दोन क्लॉक, १६ मेगाहर्ट्झला १२५ नॅनोसेकंद. अर्डुइनोच्या डिजिटलराइट फंक्शनला त्याच कामाला काही मायक्रोसेकंद लागतात. तुम्ही असेंब्ली शिकलेले आहात ना, मग सी आणि असेंब्लीचा संबंध काय हा तुमचा प्रश्न त्या एका स्क्रीनवर सुटेल.

अकरा_पॉइंट_शून्य_पाच

मी २० वर्षं ८०५१ वर काम केलंय, वजनकाटे, मीटर, पॅनेल सगळं, म्हणून सांगतो. ८०५१ शिकणं वाया जात नाही. १२८ बाइट रॅममध्ये प्रोग्राम बसवायची सवय लागली की पुढे ६४ केबी मिळाली तरी माणूस उधळत नाही. माझं नाव बघा, ते ११.०५९२ च्या क्रिस्टलवरून घेतलंय. कॉलेजात सगळ्यांना तो क्रिस्टल वापरा सांगतात, का ते सांगत नाहीत. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ ने भागा, मग ३२ ने, येतात बरोबर २८८००, त्याला ३ ने भागलं की ९६०० बॉड (सिरियलचा वेग), शेपटी शिल्लक नाही. १२ मेगाहर्ट्झ घेतला तर ३१२५० येतात आणि ३ ने भागून १०४१६, म्हणजे ९६०० पासून आठ टक्क्यांहून लांब, मग सिरियलवर कचरा दिसतो आणि मुलं वायर हलवत बसतात. (टायमरला म्हणूनच २५३ भरायचे, २५६ वजा ३.)

पण नवीन माणसाने आज सुरुवात ८०५१ ने करू नये असंच मी म्हणेन. इंटेलने तो १९८० साली काढला, आजही त्याचे भाऊबंद विकले जातात, पण नोकरीच्या जाहिराती आर्मवर आहेत. शिवाय केइल या कंपायलरच्या फुकट आवृत्तीत २ केबीची मर्यादा आहे, एसडीसीसी हा फुकट कंपायलर वापरता येतो पण मदत करणारे कमी.

मेधाताईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. उनोवर डीबगर नाही. मला वाटतं शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून प्रोग्राम थांबवून रजिस्टरमध्ये डोकावता आलं पाहिजे. एसटीएम३२ च्या न्यूक्लिओ बोर्डावर एसटी-लिंक हा डीबगर बसवलेलाच येतो, एक यूएसबी केबल लावली की झालं. एफ४०१आरई घ्या, ८४ मेगाहर्ट्झ, ५१२ केबी फ्लॅश, ९६ केबी रॅम, पुरून उरेल.

मेधा_फर्मवेअर

काका, डीबगरचं मान्य. पण एसटीएमचा रेफरन्स मॅन्युअल शेकडो पानांचा असतो, पहिल्याच आठवड्यात त्यात बुडून सोडून दिलेली मुलं मी बघितलीत. आणि एसटीच्या क्यूबएमएक्स सॉफ्टवेअरने कोड तयार करून घेतला की परत तेच, न कळता चाललेलं. एटमेगाचा एक पोर्ट म्हणजे तीन रजिस्टरं, डोक्यात मावतात. महिनाभर उनो, मग न्यूक्लिओ. दोन्ही एकदम मात्र नको, आणि दर पंधरा दिवसांनी बोर्ड बदलणं तर अजिबातच नको. दादांचं नेमकं तेच व्हायची भीती वाटते, ईएसपी३२ पण घ्या, पिको पण घ्या असं सांगणारे आत्ता येतीलच.

बुधवारपेठेत_रोज

खरेदीबद्दल लिहितो. पुण्यात आलात तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. ऑनलाइनही मिळतं सगळं पण दुकानात जाऊन जंपर वायर, रेझिस्टर सुटे घेता येतात. पैसे बोर्डापेक्षा अवजारांवर घाला असं मी सांगेन, एक बरा मल्टिमीटर आणि तो आठ चॅनेलचा स्वस्त लॉजिक अ‍ॅनालायझर, त्यावर सिग्नल बघायचं पल्सव्ह्यू सॉफ्टवेअर फुकट चालतं. ब्लू पिल हा एसटीएम३२ चा बोर्ड दिसेल स्वस्तात, नवशिक्याने घेऊ नये, त्यावर नकली चिप बऱ्याच येतात आणि चूक आपली की चिपची हेच कळत नाही. केबल तपासून घ्या, नुसती चार्जिंगची असेल तर आत डेटाच्या तारा नसतात आणि बोर्ड दिसतच नाही, माझा अख्खा रविवार गेलाय यात.

व्हॉल्व्हची कॉइल डीसी असेल तर तिच्यावर उलटा डायोड टाकलाय ना? २४ व्होल्ट एसी असेल तर डायोड चालणार नाही, तिथे स्नबर किंवा एमओव्ही (व्होल्टेजचा झटका शोषणारे भाग).

हिंजवडी_ते_चाकण

क्लासबद्दल. मी लावला होता, नाव घेत नाही. चार महिने फळ्यावरचा कोड उतरवून घेतला, सगळ्यांचं एलसीडीवर स्वतःचं नाव आलं, आणि मुलाखतीत विचारलं की फक्त तिसरा बिट शून्य कर बाकीचे तसेच ठेव, तर मला येईना. पैशापेक्षा वेळ गेला याचं वाईट वाटतं. नोकरी सोडून पूर्णवेळ करायची तयारी असेल तर सीडॅक या सरकारी संस्थेचा डेस्ड (एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा कोर्स) आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, दिवसभर लॅब असते, पण प्रवेशाची शैक्षणिक अट आधी बघा, नुसत्या डिप्लोमावर अडचण येऊ शकते. नाहीतर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर आर्मचे कोर्स फुकट आहेत.

मुलाखतीत काय विचारतात तर बिट लावणं-काढणं-उलटवणं, पॉइंटर, स्टॅटिकचे दोन अर्थ, स्ट्रक्चरमधलं पॅडिंग, आणि व्होलाटाइल. व्होलाटाइल तर प्रत्येक ठिकाणी. गाड्यांच्या कंपन्यांत मिस्राचे (सुरक्षित सी लिहिण्याचे) नियमही विचारतात, पण ते नंतर.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, यूएल लावलं, मिनिटाला बंद झाला! वॉर्निंग चालू केल्या तर अजून सात निघाल्या. कॉइल डीसीच आहे, डायोड नव्हता, आज टाकला.

आता फ्लो मीटर जोडलाय, पल्स इंटरप्टवर (पल्स येताच चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) मोजतो. व्होलाटाइल लावलंय, तरी मधूनच आकडा उडतो. २५४, २५५, आणि एकदम ५११, मग परत २५७. वायरिंगमधला नॉइज असेल का?

मेधा_फर्मवेअर

२५५ नंतर ५११ म्हटलं की नॉइज नाही, हे बघा काय होतंय. प्रोसेसर ८ बिटांचा, तुमचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे तो दोन हप्त्यांत वाचला जातो. खालचा बाइट वाचला, २५५ आला. तेवढ्यात पल्स आली, इंटरप्टने आकडा २५६ केला, म्हणजे खालचा बाइट शून्य आणि वरचा एक. परत आलात आणि वरचा वाचला, एक. जुना खालचा २५५ आणि नवा वरचा २५६, बेरीज ५११. मीटर बरोबर मोजतोय, आपण अर्धा जुना अर्धा नवा आकडा वाचतोय.

व्होलाटाइल एवढंच सांगतं की दर वेळी मेमरीतून ताजं वाच. अखंड वाच असं ते सांगत नाही. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, आकडा दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये उतरवा, लगेच चालू करा. आधी चालू होते का ते एसरेग या स्थितीच्या रजिस्टरमध्ये असतं, ते जपून ठेवून तेच परत ठेवलंत तर अजून चांगलं. हा प्रश्न तुम्हाला स्वतःच्या बागेत भेटला याचा मला खरंच आनंद झाला, बऱ्याच जणांना तो विकलेल्या मालात भेटतो.

द्राक्षबाग_तासगाव (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणतोय. उनोवर लायब्ररीशिवाय टायमर, इंटरप्ट, सिरियल एवढं झालं. ऑब्जडंपमध्ये ती एसबीआयची ओळ दिसली तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो, डिप्लोमाचं असेंब्ली आठवलं.

मागच्या आठवड्यात न्यूक्लिओ एफ४०१आरई आणला. क्यूबएमएक्स उघडलं नाही. पीए५ चा एलईडी लावायला दोन रात्री गेल्या. कोड तीनदा तपासला, बरोबर. मग काकांनी सांगितल्याप्रमाणे डीबगरने थांबवून बघितलं तर मोडर या पिनची दिशा ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये मी लिहिलेलं उमटतच नव्हतं. पोर्ट ए ला क्लॉकच दिला नव्हता मी, आरसीसीच्या (क्लॉक वाटणाऱ्या भागाच्या) एएचबी१ईएनआर रजिस्टरचा शून्यावा बिट. एटमेगाला असं काही नसतं म्हणून डोक्यातच आलं नाही. तो बिट लावला आणि पेटला.

आता सेकंदाला एक इंटरप्ट हवाय, टीआयएम२ या टायमरवर. क्लॉक रीसेटनंतरचाच आहे, १६ मेगाहर्ट्झ. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) १६००० आणि एआरआर (मोजणीची मर्यादा) १००० लिहिलं तर घड्याळाच्या मानाने किंचित मागे पडतंय, तासाला तीन-चार सेकंद.

अकरा_पॉइंट_शून्य_पाच

शाब्बास. मोजणी शून्यापासून आहे, दोन्हीकडे एकेक कमी करा. १५९९९ आणि ९९९. तुमच्या आकड्यांनी सेकंदाला १.०६ मिलिसेकंद जास्त होतंय, तासाला ३.८ सेकंद, जुळलं ना? आतला आरसी ऑसिलेटर आहे तो, त्यामुळे यानंतरही घड्याळाशी फरक राहील, त्याला बाहेरचा क्रिस्टल लागतो. पण आधी हे करून आकडा इथे लिहा.